चूर्णातला जास्तीचा ठिपका

आत्याचा चेहरा गोल झाला होता आणि सगळं गाव त्याला ‘तब्येत सुधारली’ म्हणत होतं. मीही तेच म्हणाले. ज्वारी हुरड्यावर आली होती, मी नगरहून एस.टी.ने गावी उतरले होते, आणि स्टँडवर मला घ्यायला आत्या स्वतः चालत आली होती. मागच्या खेपेला तिला उंबरा ओलांडायला दोघींचा आधार लागत होता. बोटं सुजून वाकडी झालेली, सकाळी मूठ वळायची नाही, घागर तर लांबच, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवत नव्हता. आणि आता ती माझ्या हातातली पिशवी ओढून घेत होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील नोकरीसाठी नगरला आले तरी ती जामखेडच्या अलीकडच्या आमच्या गावातच राहिली. उभी हयात खुरपणीला गेली, भावाला शिकवलं, आणि मी एम.एस्सी. झाले तेव्हा विहारात पेढे वाटले. त्या वेळी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्याला, मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएच.डी.चं काम सुरू केलं होतं. म्हणजे सुरू करायचं होतं. औषधी मुळांमधली द्रव्यं वेगळी काढून ती कोणती आहेत ते ओळखायचं, हा आमच्या सरांचा विषय. कुठलं मूळ घ्यायचं ते माझं अजून ठरत नव्हतं.

“आत्या, कुठल्या डॉक्टरचं औषध घेतेस?”

“डागदर कशाला? बाजारातला मुळीवाला हाय न्हवं. चमचाभर पूड सकाळच्या पारी गुळाच्या खड्यासंगं. बास.”

“कसली पूड?”

“मुळीची. भंडारदऱ्याच्या डोंगरातली हाय म्हनं. आपल्या हिकडं न्हाई मिळत.”

तिने फडताळातून पुडी काढून दाखवली. राखाडी, भुरकट पूड. जिभेवर घेतली तर कडसर, आणि वास जनावराच्या घामासारखा. मला दुसरं काही सुचेना. डोळ्यांसमोर बरं झालेलं माणूस, हातात औषध, आणि माझी पीएच.डी. विषयावाचून अडलेली. मी पुडी मागितली. आत्याने अर्धी दिली, अर्धी पदरात बांधून ठेवली.

पुडी बघून सर खूश झाले नाहीत. सर सगळ्यांना, शिपायालासुद्धा, ‘तुम्ही’ म्हणत. आवाज कधी चढवत नसत, पण त्यांचा कशावर पटकन विश्वासही बसत नसे.

“आधी वनस्पती कोणती ते सांगा,” ते म्हणाले. “पूड म्हणजे तोंडाला रुमाल बांधून आलेला माणूस. त्याचं नाव-गाव काय समजणार?”

म्हणून मी पुढच्या आठवड्याच्या बाजाराला जामखेडला गेले. मुळीवाला भाजीच्या रांगेच्या टोकाला, काळ्या छत्रीखाली बसायचा. पन्नाशीचा माणूस, गाल भरलेले, तांबूस, तुकतुकीत. पुढ्यात बरण्या, पाकिटं आणि थोडी सुकी पाळंमुळं. माझी पर्स, चष्मा आणि पायातले सँडल बघून त्याने हात आखडता घेतला.

“पूड पायजे का?”

“पूड आहे माझ्याकडे, मामा. मला अख्खं मूळ पाहिजे. झाडाचं नाव सांगाल का?”

“कंपनीच्या का तुमी?”

“नाही. कॉलेजात शिकते.”

“मंग सरकारच्या असाल.”

“नाही हो, माझी आत्या तुमच्याकडून औषध घेते. तिला गुण आलाय म्हणून...”

“गुन आलाय ना? मंग झालं.” तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळला. “मूळ दावलं तर उद्या तुमीच शेजारी दुकान मांडाल, बाई.”

परतताना एस.टी.त मी विचार करत होते, लपवण्यासारखं काय आहे? मुळी दुर्मिळ असेल, म्हणून लपवत असेल. पण हा माणूस डोंगर चढणारा दिसत नव्हता. भंडारदरा जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथून इतकी मुळं आणणार कोण, आणि ती इतकी स्वस्त विकणार कशी?

तरीही मी पुडीवर काम सुरू केलं. सरांनी नाइलाजाने होकार दिला.

पूड कागदी नळीत भरून काचेच्या उपकरणात ठेवायची, खाली फ्लास्कमध्ये द्रावक उकळवायचं. वाफ वर जाते, गार नळीला लागून थेंब होऊन पुडीवर पडते, पुडीतलं विरघळेल ते घेऊन खाली येते, आणि पुन्हा वर जाते. तासन्‌तास हेच. आधी पेट्रोलियम ईथर, त्याने तेलकट भाग निघून जातो. मग क्लोरोफॉर्म, मग मेथॅनॉल. नगरमध्ये हे करायचं म्हणजे दोन गोष्टींशी झगडायचं. वीज गेली की उकळणं बंद, नळ गेला की गार करणारं पाणी बंद. आम्ही बादलीत बर्फ टाकून छोट्या पंपाने तेच पाणी फिरवायचो.

काढलेला अर्क आटवला आणि त्याचा एक थेंब सिलिकाचा लेप दिलेल्या काचेच्या प्लेटवर ठेवला. प्लेट द्रावकात उभी केली की द्रावक टिपकागदासारखं वर चढतं, आणि अर्कातलं एकेक द्रव्य आपापल्या वेगाने त्याच्याबरोबर वर सरकतं. मग ती प्लेट आयोडीनच्या वाफेत धरायची. जिथे द्रव्य असेल तिथे तपकिरी ठिपका उठतो.

माझ्या प्लेटवर पुष्कळ फिके ठिपके उठले, आणि मधोमध एक गडद, मोठा, ठसठशीत. जणू बाकीचे सगळे त्याच्या लग्नाला आलेले वऱ्हाडी.

त्या एका ठिपक्याच्या मागे मी लागले. उंच काचेच्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, सिलिका भरून अर्क वरून सोडला, द्रावक बदलत गेले आणि खाली येणारं परीक्षानळ्यांमध्ये धरत गेले. ज्या नळ्यांत तो ठिपका होता त्या एकत्र केल्या. द्रावक उडून गेल्यावर काचेला पांढरे स्फटिक चिकटलेले दिसले. मी ते चमच्याच्या टोकाने खरवडून छोट्या बाटलीत घेतले. स्टेरॉइड वर्गातल्या द्रव्यांसाठी रंगाची एक चाचणी असते, ती केली. लगेच रंग आला. काही झाडांत नैसर्गिकपणे त्या वर्गातली द्रव्यं असतात हे मला वाचून ठाऊक होतं. म्हणजे सगळं जुळत होतं. मी धावतच सरांच्या खोलीत गेले.

सरांनी बाटली उजेडात धरली.

“किती पुडीतून काढलंत?”

मी सांगितलं. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “झाड इतकं उदार नसतं. पोतंभर मूळ उकळावं तेव्हा चिमूटभर हाती लागतं. तुमच्या मुठीभर पुडीने हे दिलं?”

“मूळच तसं असेल, सर.”

“असेल. तो कॉलम आधी कोण वापरत होतं?”

तिथून आमच्या प्रयोगशाळेची हवा बदलली. माझ्याबरोबर आणखी एक संशोधक काम करायचा, तो कारखान्यात बनणाऱ्या औषधांवर. सरांनी त्याला विचारलं, त्याला राग आला. तो मला म्हणाला, “भांडी तू धुतेस की नाही ते आधी बघ.” मी माझं कपाट कुलपात ठेवायला लागले. काचेची भांडी तीनतीनदा धुतली. द्रावक स्वतः ऊर्ध्वपातन करून घेतलं. सिलिकाचं नवं पाकीट फोडलं. तो माझ्या बाकाजवळून गेला तरी मी हातातली नळी झाकायचे. आज वाईट वाटतं, पण तेव्हा माझी खात्री होती की कोणीतरी गंमत करतंय किंवा माझं काम बिघडवतंय.

सगळं पुन्हा केलं. ठिपका तिथेच उठला, तितकाच गडद. म्हणजे भांडी निर्दोष होती आणि तो संशोधकही. उरली ती पूड.

आता अख्खं मूळ मिळवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. या वेळी मी आत्याला बरोबर घेऊन बाजारात गेले. आत्या त्याच्यासमोर फतकल मारून बसली.

“ही माझी भाची हाय, भावाची लेक. शिकलेली हाय. मूळ दे तिला, मी सांगते.”

त्याने मला पुन्हा आपादमस्तक पाहिलं. मग पाठीमागच्या गोणीत हात घालून मातीने माखलेली चारदोन मुळं काढली आणि माझ्या हातावर ठेवायच्या आधी इकडेतिकडे बघितलं.

“कुनाला सांगू नगा,” तो म्हणाला.

मुळं मी कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना दाखवली. त्यांनी एक मोडून नाकाशी नेलं आणि हसल्या.

“घोड्याच्या अंगाचा वास येतोय ना? अस्कंद आहे. अश्वगंधा. यासाठी भंडारदऱ्याला कशाला जायला हवं? तुमच्या बांधावर असेल. कागदी फुग्यासारख्या टरफलात लाल फळं येतात बघ.”

त्या झाडाची लाल फळं लहानपणी मी हाताने फोडलेली होती. म्हणजे मुळीवाला खोटं बोलत होता. माझा त्याच्यावरचा संशय त्या दिवशी पक्का झाला.

मुळं धुतली, सावलीत सुकवली, स्वतः कुटली आणि त्याच पद्धतीने अर्क काढला. एकाच प्लेटवर डावीकडे मुळाचा थेंब, उजवीकडे पुडीचा. आयोडीनमधून काढली तेव्हा सर माझ्या मागे उभे होते. दोन्हीकडचे फिके ठिपके एकमेकांसमोर, पायरीला पायरी. पूड अस्कंदाचीच होती. पण मधला तो गडद ठिपका फक्त उजवीकडे होता. डावीकडे त्या जागी कोरी, पांढरी सिलिका.

सर खिडकीशी गेले. मग वळून त्यांनी मला जे विचारलं ते अजून कानांत आहे.

“तुमच्या आत्यांचा चेहरा गोल झालाय का?”

त्यांनी आत्याला कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते.

“हो... तब्येत सुधारलीये तिची.”

“जरा कुठे लागलं की अंगावर निळे डाग पडतात?”

मला तिचा हात आठवला. स्टँडवर माझी पिशवी ओढून घेताना पदर मागे सरकला होता, आणि कोपराखाली जांभळं-निळं दिसलं होतं. मी विचारलं होतं, ती म्हणाली होती, दाराची कडी लागली.

“माझ्या थोरल्या भावाला दमा होता,” सर म्हणाले. “तो वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खायचा. सूज उतरते, दुखणं पळतं, भूक लागते, माणूस टवटवीत दिसतो. आणि आतून पोखरत जातो. मेडिकलमधून त्या गोळ्यांचं एक पाकीट घेऊन या.”

पांढरी गोळी, स्वस्तातली, कुठल्याही दुकानात मिळणारी. मी ती खलात कुटली, विरघळवली, गाळली, आणि प्लेटवर माझ्या स्फटिकांशेजारी ठेवली. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर थांबले. पण एवढ्याने सरांचं समाधान होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. दोन वेगळी द्रव्यंही कधी कधी एका उंचीला थांबतात.

म्हणून जुनी, साधी कसोटी केली. शुद्ध द्रव्य ठरावीक तापमानाला वितळतं. त्यात दुसरं काही मिसळलं तर ते आधीच वितळू लागतं. मी गोळीतलं द्रव्य आणि पुडीतले स्फटिक एकत्र घोटून केसासारख्या बारीक काचनळीत भरले आणि नळी तेलात धरून तापवायला लागले. मनात एकच होतं, लवकर वितळू दे. लवकर वितळलं तर दोन वेगळी आहेत, आत्या जे खाते ते झाडाचं आहे. पारा चढत गेला. तेलाला धूर सुटला. नळीतली पांढरी पूड जशीच्या तशी. शेवटी ज्या अंशाला गोळीतलं शुद्ध द्रव्य वितळलं होतं, बरोबर तिथेच तीही वितळली. पुढे दोन्ही नमुने पुण्याला पाठवून त्यांच्या वर्णपटांचे आलेख काढून आणले, तेही एकावर एक बसले. पण माझ्यासाठी निकाल त्या दुपारीच लागला.

ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडे मी त्याच दिवशी गेले. ऐकता ऐकता त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

“आत्यांना सांग, औषध एकदम बंद करायचं नाही.”

“बंद करायचं नाही?”

“इतके महिने हे बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. एकदम तोडलं तर माणूस कोसळतं. आधी इकडे घेऊन ये. मी हळूहळू उतरवते.”

गावी जाऊन आत्याला हे समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. भाकरी! या बोटांनी. मी सगळं सांगितलं. ती थापतच राहिली, मग एकदम थांबली.

“म्हंजे मी भेसळ खाती.”

“हो, आत्या.”

“मंग टाकून देऊ का उकिरड्यावर?”

“नाही, एवढ्यात टाकू नकोस. डॉक्टरांना दाखवेपर्यंत घे.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती शेतमालकाच्या मुकादमाकडे बघायची.

“इख हाय म्हंतीस आन खा बी म्हंतीस? एकदा काय ते ठरीव. का माझं चालनं तुझ्या डोळ्यांत खुपतंय? परिक्षेसाटी माझी पुडी नेलीस, मूळ नेलंस, आता मलाच न्यायला आलीस व्हय?”

तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. शेवटी ती नगरला आमच्या घरी राहायला आली ती माझ्यावरच्या विश्वासाने नाही, माझ्या वडिलांनी निरोप धाडला म्हणून. येतानाही पुडी तिने कनवटीला लावून आणली.

तपासणीत साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही. डॉक्टरबाईंनी मोजूनमापून गोळ्या दिल्या, त्या दर थोड्या दिवसांनी कमी करायच्या होत्या. शिवाय सांध्यांवरचं वेगळं औषध. आत्याने गोळी हातात घेऊन विचारलं, “ह्या गोळीचं नाव काय?” मी सांगितलं. ती खदाखदा हसली.

“म्हंजे त्यो मुळीवाला द्यायचा तीच! त्यो चोर आन ही डागदरीन?”

“तो किती देत होता हे कोणाला माहीत नव्हतं, आत्या. आणि सांगतही नव्हता.”

“तूबी मला लई काय सांगत न्हाईस,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

दुसरीकडे आम्ही तक्रार केली. सरांनी सगळे पुरावे जोडले. औषधं तपासणाऱ्या कार्यालयातला एक निरीक्षक भर बाजारात मुळीवाल्याकडे गेला, सगळ्यांसमोर पाकिटं उचलली, सही घेतली. बरेच आठवडे गेले. मग कळलं, नमुन्यात काहीही सापडलं नाही. निव्वळ मूळ.

मी घाईने माझ्याकडची जुनी पुडी पुन्हा तपासली. ठिपका होता. मग एका ओळखीच्या बाईकडून बाजारातलं नवं पाकीट आणवलं. ठिपका नाही. प्लेट इतकी स्वच्छ की मी ती रागाने आपटणार होते. निरीक्षकाच्या नमुन्यापर्यंत पूड शुद्ध कशी झाली? कोणी कळवलं? मला निरीक्षकाचा संशय आला, मुळीवाल्याचा तर होताच, अगदी त्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचाही एक दिवस आला. गावात उलटंच चाललं होतं. शिकलेली पोरगी डॉक्टरांकडून पैसे खाऊन गरिबाच्या पोटावर पाय देते, असं लोक बोलत होते. वडिलांच्या कानावर आलं. त्यांनी गावी जायचं टाळलं.

आणि मग गावाकडून निरोप आला. आमच्या शेजारची म्हातारी अंथरुणाला खिळली होती. तिच्या पलीकडचा एक मारुतीच्या पारावर बसल्या बसल्या पडला. कोणाला उलट्या, कोणाला चक्कर, सगळ्यांचे सांधे पूर्वीपेक्षा जास्त ठणकत होते. लोक म्हणत, पाणी बाधलं. पण एका विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरांत एकच माणूस आजारी आणि बाकीची ठणठणीत, असं पाणी बाधत नाही.

निरोप आणणाऱ्याने नावं सांगितली तेव्हा आत्या जेवत होती. तिचा घास हातात राहिला.

“ही समदी त्याच्याकडनंच पूड घेत्यात,” ती हळूच म्हणाली. “आमी संगं जायचो बाजाराला.”

पूड शुद्ध झाली म्हणजे या सगळ्यांचं औषध एका दिवसात तुटलं होतं. ज्याची डॉक्टरबाईंना भीती होती तेच झालं होतं, आणि ते आमच्या तक्रारीमुळे झालं होतं. आत्या तेवढी उभी होती, कारण तिचं हळूहळू उतरत होतं.

डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद करून जीप मागवली. सर आले, आत्याही हट्टाने आली. विहारात सतरंज्या टाकल्या आणि लोकांना घरोघर जाऊन बोलावलं. पहिल्यांदा कोणी येईना. मला बघून दारं लोटली गेली. मग आत्या पुढे झाली.

“माझ्याकडं बगा,” ती दारादारात सांगत होती. “मीबी तीच पूड खाल्ली. माझा इश्वास न्हवता पोरीवर. अजूनबी सगळा न्हाई. पर मी उभी हाय आन तुमी पडलाय. चला.”

त्यावर लोक आले. दुपारभर सतरंजीवर माणसं झोपवून सलाइन लावली जात होती. काहींना जामखेडला सरकारी दवाखान्यात हलवलं. शेजारची म्हातारी वाचली नाही. तिचं वय झालं होतं, हृदयही अशक्त होतं, नेमकं कशाने गेली ते कोणी ठामपणे सांगू शकलं नाही. तिच्या सुनेने मला काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

ऊन उतरायला लागल्यावर एका बैलगाडीतून आणखी एकाला आणलं. घोंगडीत गुंडाळलेला, चेहरा सुजलेला, ओठ पांढरे. मी ओळखलंच नाही. बायको म्हणाली, “मुळीवाले हायेत. बाजार बंद केलाय कवापासून.”

डॉक्टरबाईंनी त्याची बाही वर सारली. दंडापासून मनगटापर्यंत निळे डाग. ते तुकतुकीत गाल, तो तांबूस रंग, सगळं माझ्या डोक्यात एकदम जुळलं. हा माणूस स्वतः तीच पूड खात होता.

तो शुद्धीवर आल्यावर सरांनी त्याला विचारलं. आवाज नेहमीसारखाच शांत.

“पूड तुम्ही कुटत नव्हता?”

“न्हाई, सायेब. मुळ्या मी गोळा करून द्यायचो. दुसऱ्या तालुक्यातला एक गिरनीवाला दळून पाकिटं करून द्यायचा. म्हनायचा, माझ्याकडं शुद्धीची इद्या हाय, तुझ्या मुळीला दुप्पट गुन येईल. आला की गुन. माझी पाठ दुखायची, ती बी थांबली. मला काय ठावं?”

“आणि भंडारदरा?” मी विचारलं.

त्याने मान फिरवली. “तेवढं मी बोलायचो. बांदावरचं म्हटल्यावर कोन घेतंय?”

“निरीक्षक येऊन गेल्यावर काय झालं?”

“मी गिरनीवाल्याला जाऊन सांगितलं, सरकारी मानूस आल्ता म्हनून. त्यो म्हनला, घाबरू नगं, जुना माल परत दे, नवीन घेऊन जा. निरीक्षकाला बी नवीनच दिला त्यानं मागाहून, अदलाबदल करून. म्हनला, पहिला नमुना फुटला असं सांग.”

आता कळलं. मी ज्यांच्यावर संशय घेतला त्यांतल्या बहुतेकांचा दोष नव्हता, आणि ज्याचा होता तो माझ्या मनातही आला नव्हता. निरीक्षकाने ती अदलाबदल कशी मान्य केली हे मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

सर आणि मी मुळीवाल्याने सांगितलेल्या जागी गेलो. एका चाळीतली कडेची खोली. कुलूप नव्हतं, दार नुसतं लोटलेलं. आत काही नव्हतं. फरशी पाण्याने धुतलेली, भिंतीला चक्की काढून नेल्याचे बोल्ट. शेजारचे म्हणाले, भाडेकरू होता, बिऱ्हाड हलवलं, कुठे ते ठाऊक नाही. सर खोलीभर फिरले, मग खिडकीपाशी थांबले. गजांच्या मागे, जिथे फडकं पोचत नाही तिथे, धुळीचा थर होता. त्यांनी खिशातला कागद काढून बोटाने ती धूळ त्यावर ओढली आणि घडी घातली.

नगरला येऊन मी ती धूळ मेथॅनॉलमध्ये हलवली, गाळली, प्लेटवर ठेवली. अस्कंदाचे फिके ठिपके आले, आणि मधोमध तो गडद ठिपका. कार्यालयात आम्ही हेही दिलं. ते म्हणाले, रिकाम्या खोलीतली धूळ पुरावा होत नाही, साक्षीदारांदेखत घेतलेली नाही. नियमाने त्यांचं बरोबर होतं. गिरणीवाला सापडला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारात चूर्णाचं पाकीट दिसलं की मी विकत घ्यायचे.

माझा प्रबंध अस्कंदावरच झाला, मी स्वतः खणलेल्या मुळांवर. ज्या संशोधकावर मी आधी आळ घेतला होता त्यानेच मला त्याचा नवा कॉलम वापरायला दिला. मुळीवाला बरा झाला. पुन्हा बाजारात बसू लागला, पण अख्खी मुळंच विकायचा, दळलेलं काही नाही.

आत्या पावसाळ्याच्या तोंडावर गावी परतली. हातात काठी आली. सकाळी बोटं आखडतात, पण मूठ वळते, भाकरी जाडजूड का होईना, तिची ती करते. तू खरं बोललीस असं ती मला कधी म्हणाली नाही. उलट गावाहून कोणी नगरला यायला निघालं की त्यांच्याकडे माझ्यासाठी चिंध्यांत बांधलेल्या पुरचुंड्या देऊ लागली. एकीत हळद, दुसरीत तिखट, कधी चहाची पत्ती, एकदा विहारात वाटलेला बुंदीचा लाडू. निरोप ठरलेला असायचा: “हे बगून घे, त्यात काय हाय.” सर म्हणायचे, करा, सराव होतो. हळद मी पुन्हा पुन्हा तपासली, अगदी शुद्ध निघाली. तसं सांगायला मी गावी गेले तर आत्याने फडताळातला हळदीचा डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाली, “दुसऱ्या कुनाकडनं बी तपासून घे.”